आबांची रिकामी बंदूक

लग्न होऊन धुळ्याहून असोद्याला आले, त्या दिवसापासून सासरच्यांनी माझ्यावर बंदूक रोखलेली होती. माहेरी जाऊन ही तक्रार केली तर सगळे हसले, पण मी एक अक्षरही वाढवून सांगितलं नव्हतं. पुढच्या खोलीत सोफ्याच्या वर, दोन खुंट्यांवर, सासऱ्यांची ठासणीची बंदूक आडवी टेकवलेली असे आणि तिचं तोंड स्वयंपाकघराच्या दाराकडे असे. दारातून सरळ पुढे गेलं की गॅसचा ओटा. ओट्याशी दिवसभर कोण उभं असतं, ते कोणत्याही सुनेला विचारा.

नवी होते तेव्हा एकदा धीर करून म्हटलं, "हिचं तोंड जरा खिडकीकडे करू या का?" सासऱ्यांना, म्हणजे आबांना, माझी कीव आली असावी. "रिकामी हाये ती," एवढं बोलून त्यांनी पुन्हा पेपरात डोकं घातलं. त्यानंतर मला दोन मुलं झाली, ती शिकली, पुण्याला गेली, माझे केस पिकले, आणि हा सगळा काळ मी त्या रिकाम्या बंदुकीसमोर पोळ्या लाटल्या.

बंदूक मूळची आबांच्या वडिलांची. केळीच्या बागेत रानडुकरं घुसायची म्हणून त्यांनी परवाना काढून घेतलेली. तोंडातून दारू ओतायची, वर छर्रे, त्यावर काथ्याचा बोळा, आणि लोखंडी गजाने सगळं ठासायचं. मागे घोड्याखाली एक बारीक बोंडी असते, तिच्यावर तांब्याची एवढीशी टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीतून आत जाते आणि बार उडतो. आबांनी तरुणपणी तिचे बार काढले, मग बागेला कुंपण आलं, डुकरांनी दुसरी बाग पाहिली आणि बंदूक खुंटीवर गेली ती गेलीच. वर्षातून एकदा, दसऱ्याला, ती खाली उतरे, पाटावर बसे, तेल पिई, हळदकुंकू लावून घेई आणि परत वर जाई. आमच्या घरात एवढा मान जावयालासुद्धा नाही.

ही पूजा मांडायच्या अक्का, म्हणजे माझ्या सासूबाई. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते म्हणून मीही. अक्कांचं एक शास्त्र आहे. घरात काही रिकामं ठेवायचं नाही आणि घरातून काही रिकामं जाऊ द्यायचं नाही. शेजारणीचा डबा परत करताना काही नसलं तर निदान चिमूटभर साखर. कोठी धुतली तर वाळल्याबरोबर मूठभर ज्वारी आत. दसऱ्याला शिलाई मशीनच्या ड्रॉवरमध्ये सुपारी, मोटारसायकलच्या डिकीत गव्हाचे दाणे. मी माहेरी निघाले की माझ्या पर्समध्ये हळकुंड सापडायचं. एकदा बसमध्ये सुटे पैसे म्हणून मी कंडक्टरच्या हातावर तेच ठेवलं होतं.

मागच्या वर्षी दोन गोष्टी एकदम झाल्या. बंदुकीचा परवाना पुढे आपल्या नावावर घ्यायला घरात कोणी तयार होईना, तेव्हा ठरलं की दसरा झाला की ती पोलीस ठाण्यात कायमची जमा करायची. आणि त्याच सुमारास आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. त्यांना पाण्याच्या टाकीवरचं कबूतर दिसायला लागलं, समोरच्या गच्चीवर कोण काय वाळत घालतं ते दिसायला लागलं, माझ्या वरणातला खडा दिसायला लागला. नवीन डोळे आणि जुनी बंदूक यांची गाठ पडायला मग वेळ लागला नाही.

"द्यायच्या आधी एक बार काढतो," त्यांनी जाहीर केलं. "बागेत. हवेत. दसऱ्याले."

कार्यक्रमही त्यांनीच आखला. आधी रिकाम्या बंदुकीवर नुसती टोपी फोडायची, म्हणजे आतली वाट मोकळी होते. मग दारू भरायची आणि खरा बार काढायचा. टोप्यांची डबी त्यांच्या पेटीत जपून ठेवलेली होती. मला मोबाईल धरून शेजारी उभं राहायचं काम दिलं होतं, शूटिंग करायला. आमचे हे म्हणाले, "काढू दे ना, त्यांची हौस आहे." हे पंपांच्या जळालेल्या मोटारी दुरुस्त करतात आणि विजेचा झटका सोडला तर जगात कशालाच भीत नाहीत.

नवरात्राआधी घर धुवायला काढतात तसं मी काढलं आणि बंदूकही खाली घेतली. म्हटलं, बाई मोबाईलवर दिसणार आहे तर आतूनही स्वच्छ असावी. नळीखालचा गज ओढून काढला, टोकाला तेलाची चिंधी बांधली आणि तोंडातून आत सारला. गज गेला, गेला आणि अडला. दाबला तर आत काहीतरी लिबलिबीत लागलं, पण पुढे सरकेना. चांगला हातभर गज बाहेर राहिला होता. तोच गज बाहेर काढून नळीला वरून लावून पाहिला, तर तो पार घोड्यापर्यंत पुरत होता. मला हिशेब जमत नाही असं आमचे हे म्हणतात, पण एवढा जमतो. आत हातभर काहीतरी भरलेलं होतं. आणि हा सगळा उद्योग मी नळीचं तोंड मांडीकडे घेऊन केला.

आबांना सांगितलं. "गंज असंल," ते म्हणाले.

"गंज इतका मऊ असतो?"

"तेल पिऊन मऊ झाला असंल."

"आबा, आत बार असला तर?"

"मी सोता काढला व्हता शेवटचा बार," आबा म्हणाले आणि त्यांचा आवाज चढला. "रिकामी म्हनजे रिकामी."

मी वाद घातला नाही. त्यांच्या पेटीतली टोप्यांची डबी उचलली आणि तूरडाळीच्या डब्यात तळाशी पुरली. दुसऱ्या दिवशी आबांनी पेटी तीन वेळा उपसली आणि माझ्याशी बोलणं बंद केलं. मी म्हटलं, बंद तर बंद. अबोला धरणारा सासरा मला चालेल, बिनहाताचा नको.

जळगावला मेहरूणकडे एक मिस्त्री आहेत, यांच्या ओळखीचे. आजोबांपासून बंदुका दुरुस्त करायचं घराणं. आता बंदुका राहिल्या नाहीत म्हणून ते कुलपं आणि मिक्सर दुरुस्त करतात. यांचा बेत साधा होता. बंदूक गोधडीत गुंडाळायची, मोटारसायकलवर मध्ये धरायची आणि जळगाव गाठायचं. बरं झालं मी आधी फोन लावला. मिस्त्री पलीकडून जवळजवळ ओरडलेच.

"भाभी, जागेवरून हलवू नका. बोंडीवर टोपी नाही ना, एवढं बघा. आणि तोंड भिंतीकडे करा, माणसाकडे नको."

"इतकी वर्षं माणसाकडेच होतं," मी म्हटलं.

"मग आता भिंतीला पण चान्स द्या."

मिस्त्री दुसऱ्या दिवशी सकाळी आले. हत्यारं जेवणाच्या डब्याच्या पिशवीत, कपाळावर वेल्डिंगचा चष्मा. माणूस कामात पक्का आणि बोलण्यात त्याहून पक्का. पारोळ्याला कोणाच्या तरी बंदुकीतून त्यांनी उंदराचं घरटं काढलं होतं, ती कथा आम्ही चहाआधी ऐकली आणि चहानंतर पुन्हा ऐकली. मग मागच्या अंगणात त्यांनी दोन पोती ठेवली, त्यांच्यावर बंदूक आडवी केली आणि तिचं तोंड स्लॅबच्या कामातून उरलेल्या वाळूच्या ढिगाकडे केलं. "आता तोंडासमोरून कोणी जायचं नाही. मांजर पण नाही," असं म्हणून त्यांनी आम्हाला मागे ओळीत बसवलं. आबा खुर्चीवर, छातीवर हात बांधून. अक्का पायरीवर, मांडीवर सुपात उपासाची भगर घेऊन. आमचे हे मोबाईल घेऊन, कारण शूटिंगची जबाबदारी आता त्यांच्यावर आली होती.

मिस्त्रींनी बाजूला उभं राहून गज घातला, नळीच्या तोंडाशी खडूची खूण केली, बाहेर काढून वरून लावला आणि शीळ घातली. मला आनंद झाला, कारण हेच मी केलं होतं. मग त्यांनी मागची बोंडी तेल सोडून सोडून फिरवून काढली आणि त्या भोकात पितळी सुई घातली. "लोखंडी नाही चालत, ठिणगी पडते," ते म्हणाले. सुईबरोबर मोहरीहून बारीक काळे दाणे आले. ते त्यांनी पत्र्याच्या झाकणावर घेतले, अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाला नेले आणि लांब काडीने आग लावली.

दाणे भस्सकन पेटले. एवढासाच धूर झाला, पण अंगणभर दिवाळीचा वास सुटला.

"जिवंत आहे, आबा," मिस्त्री म्हणाले.

आबांचे छातीवर बांधलेले हात हळूच सुटले. मी त्या भोकाकडे पाहत होते. दर दसऱ्याला आम्ही सगळे तिथून वीतभर अंतरावर कापूर ओवाळत होतो, आणि आरती म्हणताना सगळ्यात पुढे मी असायचे.

अक्कांना मात्र ही पर्वणी होती. "मले ठाऊकच व्हतं," त्या भगर निवडता निवडता म्हणाल्या. "चष्मा कुठी ठेवला ते यायच्या ध्यानात राहत नाही, बार काढला का नाही ते काय राहनार? उगाच सुनेवर रुसून बसले." मग घरी येणारा प्रत्येक माणूस आबांनी कसा नाराज केला, याची उजळणी झाली.

"पण आबा," मिस्त्री गजाकडे पाहत म्हणाले, "दारू आणि छर्रे मिळून चार बोटं होतात. इथे हातभर आहे. हत्ती मारायचा होता काय?"

"मी इतकं भरलं नाही," आबा हळू आवाजात म्हणाले. आता त्यांच्यावर कोणाचा विश्वास बसत नव्हता.

मिस्त्रींनी बिनसुईच्या इंजेक्शनने बोंडीच्या भोकातून पाणी सोडलं, पुन्हा पुन्हा सोडलं आणि दारू रात्रभर साबुदाण्यासारखी भिजत ठेवली. भिजली की मग ती कोणाचं काही करू शकत नाही, असं सांगून ते गेले. बंदूक तिथेच पोत्यांवर राहिली आणि अंगणाच्या दाराला यांनी कुलूप लावलं. कुलूप मिस्त्रींनीच दुरुस्त केलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सगळे पुन्हा आपापल्या जागी बसले. मिस्त्रींनी गजाच्या टोकाला बूच काढायच्या स्क्रूसारखा पीळदार आकडा बसवला, बाजूला उभं राहून आत फिरवत नेला आणि ओढला. बाहेर कापडाचा एक तेलकट बोळा आला. त्यांनी तो चिमट्याने उलगडला. आंब्याच्या रंगाचं कापड, त्यावर हिरवे ठिपके.

ती माझी ओढणी होती. आदल्या नवरात्रात दोरीवरून गेली म्हणून मी शेजारणीच्या वाळवणावर कितीतरी दिवस नजर ठेवून होते, आणि एकदा तिला तिरकस बोललेही होते.

बोळ्यामागून तांदूळ सांडले. पिवळे, हळद लावलेले, तेलाने एकमेकांना चिकटलेले. त्यांच्यात एक सुपारी आणि घडी घातलेलं आपट्याचं पान. मिस्त्री बोलायचे थांबले. आम्ही सगळे हळूहळू पायरीकडे वळलो. अक्का मान खाली घालून भगर निवडत होत्या. भगरीत इतके खडे कधी नसतात.

"अक्का," मी म्हटलं, "ही माझी ओढणी."

"फाटेल व्हती," अक्का म्हणाल्या.

"फाटलेली नव्हती."

"कोपऱ्यातून फाटेल व्हती." त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला आणि मग म्हणाल्या, "रिकाम्या हत्याराची पूजा करू नाही. यायनी बार काढनं सोडलं तवापासून मी टाकते. दाने खाली सांडत म्हनून वरून चिंधी. अन् ठासायले गज व्हताच."

दर दसऱ्याला पहाटे, आबा आंघोळीला गेले की, अक्का ठासणीच्या बंदुकीत तांदूळ ठासत होत्या. आणि एवढी वर्षं घरात ज्या एकट्याच नियमाने बंदूक भरत होत्या, त्या आबांना विसरभोळं म्हणत होत्या. मला हसू आवरेना. आबांनी तर खुर्ची पुढे ओढली. "काढा मिस्त्री, काढा," ते म्हणाले. "पाहू तं द्या, अजून घरातलं काय काय हरपेल हाये."

पुष्कळ काही हरवलेलं निघालं. आबांच्या धोतराचा काठ निघाला. पडद्याचा तुकडा निघाला, ज्या पडद्याला उंदरांनी कुरतडलं असं मला सांगण्यात आलं होतं. खाली खाली जावं तसे तांदूळ काळे होत गेले आणि पानांचा चुरा होत गेला. एक निळं मऊ कापड आलं, ते यांच्या तान्हेपणीच्या दुपट्याचं. हे पुढे झाले, तो तुकडा हातात घेतला, वास घेतला आणि शिंकले. मिस्त्री इतके खुश होते की त्यांना पारोळ्याचा उंदीर आठवला नाही.

मग आकड्याला काथ्याचा घट्ट बोळा लागून आला.

"हा माझा नोहे," अक्का लगेच म्हणाल्या.

"माझा हाये," आबा म्हणाले. ते बोळ्याकडे बघत होते. "त्या खेपेले डुकरं आलेच नाही. मी टोपी काढली अन् घरी आलो. मंग बागेले कुंपन आलं... राहूनच गेलं."

नळी तिरपी केल्यावर परातीत छर्रे घरंगळले आणि त्यांच्यामागून शाईसारखा काळा लगदा आला. मिस्त्रींनी तो मातीत खड्डा करून वर बादलीभर पाणी ओतून पुरला. आबांनी विचारलं, "टोपी फोडली असती तं काय झालं असतं?"

"जाऊ द्या, आबा."

"सांगा."

मिस्त्रींनी एवढ्या दोन दिवसांत पहिल्यांदा थोडक्यात उत्तर दिलं. "पुढे एवढं बूच ठासलेलं. बाराला बाहेर पडायला वाट नव्हती. नळी इथे फाटली असती." त्यांनी नळीवर बोट ठेवलं, बरोबर त्या जागी जिथे नेम धरताना डावा हात असतो. "हा हात गेला असता. आणि डोळे."

शेजारी मोबाईल धरून कोण उभं राहणार होतं, हे ते बोलले नाहीत. मी मनातल्या मनात त्या जागी उभी राहिले. पण मला माझ्यापेक्षा अक्कांची काळजी वाटली. त्यांनी सूप खाली ठेवलं होतं. चेहरा पांढरा पडला होता.

"टाकताना दर साली म्हनत व्हते," त्या कोणाकडेही न बघता म्हणाल्या, "यायचा हात भरेला राहू दे. असंच म्हनत व्हते मी." आणि उठून आत गेल्या. सूप तिथेच राहिलं, चिमण्या भगर खाऊन गेल्या.

मिस्त्रींनी नळी गरम पाण्याने धुतली, पुसली, तेल फिरवलं. गज सोडला तर तो थेट तळाला जाऊन ठणकन वाजला. आतून ती खड्डे पडून गंजली होती, आता हिच्यातून कधी बार काढू नका, असं त्यांनी बजावलं. आबांनी नुसती मान हलवली. मी तूरडाळीच्या डब्यातून टोप्यांची डबी काढून मिस्त्रींच्या हातात दिली. आबांनी डबीकडे पाहिलं, डाळीची भुकटी लागलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाले, "म्हनून वरनात खडे लागत व्हते." अबोला सुटला. बंदूक परत खुंट्यांवर गेली तेव्हा तिचं तोंड खिडकीकडे होतं.

त्यानंतर दसऱ्यापर्यंत अक्कांनी घरात फारसं तोंड उघडलं नाही. एरवी दिवसातून दहा वेळा त्या आबांना टोचत, ते बंद झालं, आणि टोचणं बंद झालं म्हणून आबा बेचैन. "तिले काही म्हनायले लाव," ते मला हळूच सांगत. मी काय म्हणायला लावणार? शेजारणीच्या मनातली ओढणीची अढी काढण्यातच माझी दोन दुपारं गेली.

दसऱ्याच्या सकाळी नेहमीसारखी पूजा मांडली. पाटावर विळा, कोयता, यांचे पाने आणि पक्कड, आणि मधोमध बंदूक. पुढच्या आठवड्यात ती जाणार होती. आबा धुतलेलं धोतर नेसून शेजारी बसले होते. अक्कांनी तेलाचं बोट फिरवलं, हळदकुंकू लावलं, फूल वाहिलं. मग त्यांनी ताटातली तांदळाची चिमूट उचलली आणि हात सवयीने नळीच्या तोंडाकडे गेला. तिथे तो थांबला. आम्ही सगळे त्या हाताकडे बघत होतो.

"जाऊ दे," अक्का म्हणाल्या. "रिकामीच जाऊ दे तिले."

माझ्या माहितीत त्यांनी या घरातून पहिल्यांदाच काही रिकामं जाऊ दिलं होतं. चिमूट मात्र त्यांनी ताटात परत टाकली नाही. त्यांनी आबांचा हात ओढून घेतला, डावा हात, आणि तो उताणा करून त्यावर तांदूळ ठेवले. वर सुपारी, वर आपट्याचं पान. मग त्यांची बोटं एकेक करून मिटवली आणि मूठ आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवली.

आबांनी मुठीकडे पाहिलं. "ठासू नको फक्त," ते म्हणाले.

आमचे हे हसले, मी पण हसले. अक्का हसल्या नाहीत आणि चिडल्याही नाहीत. आरती सुरू करायची होती, ताटातला कापूर जळून संपत आला होता, तरी त्यांनी ती मूठ सोडली नाही.